संत्र्याच्या सालीतलं हेस्पेरिडिन

नमस्कार श्रोतेहो.

संत्र्याच्या सालीत दोन वेगळे साठे असतात. बाहेरच्या केशरी भागात सुगंधी तेल, त्यात मुख्यतः लिमोनीन. आतल्या पांढऱ्या अस्तरात हेस्पेरिडिन, म्हणजे साखर जोडलेलं फ्लॅव्होनॉइड. फ्लॅव्होनॉइड हा वनस्पतींमधल्या संयुगांचा एक वर्ग. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लब्रेतों यांनी ते १८२८ साली वेगळं केलं. सालीतून ते वेगळं काढण्याचा प्रयोग फार्मसीच्या विद्यार्थ्यांना ओळखीचा आहे. पण पांढरी पूड मिळाली की अनेकजण तिथेच थांबतात. ती पूड हेस्पेरिडिनचीच आहे, हे अजून ठरायचं असतं.

आधी कच्चा माल. सुक्या वजनाच्या हिशेबाने कोवळ्या हिरव्या फळांत हेस्पेरिडिन पिकल्या फळांपेक्षा बरंच जास्त असतं. विदर्भात फळगळ झाली की झाडाखाली पडलेली लहान फळं कवडीमोलाची ठरतात. या कामासाठी मात्र ती उत्तम. कुजलेली, बुरशी धरलेली फळं तेवढी निवडून काढा.

साल किंवा कापलेली कोवळी फळं सावलीत किंवा ५० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा. तुकडा कट्कन मोडला पाहिजे. ओल राहिली तर पहिला द्रावक आतपर्यंत शिरत नाही. पूड भरड ठेवा. मैद्यासारखी दळली तर सॉक्सलेटमध्ये, म्हणजे द्रावक उकळून पुन्हा पुन्हा पुडीतून फिरवणाऱ्या काचेच्या उपकरणात, द्रावकाची वाट अडते.

आता ५० ग्रॅम पूड थिंबलमध्ये, म्हणजे सॉक्सलेटमधल्या सच्छिद्र नळीत, भरून आधी पेट्रोलियम ईथरने तेल आणि मेण काढून टाका. सायफनमधून, म्हणजे उपकरणाच्या बाजूच्या वाकड्या नळीतून, उतरणारं द्रावण रंगहीन झालं की थांबा. ईथर लगेच पेट घेतं, म्हणून उघडी ज्योत नको. हीटिंग मँटल आणि फ्यूम हूड हवेच. ही पायरी घाईत उरकली तर शेवटी स्फटिकांऐवजी चिकट राळ हाती येते. बहुतेक फसलेले प्रयोग इथेच फसतात.

पूड पसरून ईथर पूर्ण उडू द्या. मग तीच पूड मिथेनॉलने काढा, पुन्हा सायफनमधलं द्रावण रंगहीन होईपर्यंत. मिथेनॉल विषारी आहे. वाफ हुंगू नका. द्रावण कमी दाबाखाली आटवून पाकासारखं झालं की त्यात ६ टक्के असेटिक आम्ल सुमारे ५० मिलिलिटर मिसळा आणि रात्रभर थंड जागी ठेवा. फिकट स्फटिक बसतात. ते गाळून थंड पाण्याने धुवा.

काहीजण मिथेनॉलऐवजी चुन्याच्या निवळीने काढतात. ती पद्धत स्वस्त आहे, कॅल्शियम पेक्टिनलाही बांधून ठेवतं. पण अल्कली जास्त झाली किंवा द्रावण फार वेळ तसंच राहिलं तर रेणूची कडी उघडून चाल्कोन हा वेगळाच पिवळा पदार्थ तयार होतो. म्हणून गाळल्यावर लगेच आम्ल घालून पीएच ४ ते ४.५ वर आणा.

शुद्धीकरणासाठी स्फटिक डायमिथाइलफॉर्मामाइड या कोमट द्रावकात विरघळवा, गाळा, आणि ढवळत ढवळत तेवढंच पाणी थेंबाथेंबाने घाला. पाणी एकदम ओतलं तर बारीक गाळ पडतो आणि अशुद्धी त्यातच अडकते.

आता ओळख. मॅग्नेशियम आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाची शिनोडा चाचणी गुलाबी-लाल रंग देते, पण तो रंग इतर कितीतरी फ्लॅव्होनॉइडही देतात. त्यातून फक्त वर्ग कळतो. शुद्ध पदार्थ साधारण २५० ते २६० अंशांदरम्यान विघटन होत वितळतो, म्हणून तापमान सावकाश वाढवा. अतिनील वर्णपटात सुमारे २८४ नॅनोमीटरला शिखर आणि ३३० च्या आसपास खांदा दिसतो. मास स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे रेणूचं वस्तुमान दाखवणाऱ्या आलेखात, ऋण आयन ६०९ वर, आणि साखर तुटल्यावर ३०१ वर येतो.

इथेही एक फसगत आहे, आणि ती नीट लक्षात घ्या. कडू संत्र्यात निओहेस्पेरिडिन असतं. त्याचं रेणुसूत्र तेच, वस्तुमान तेच, आम्लाने तोडलं तर हेस्पेरेटिन हा मूळ फ्लॅव्होनॉइड आणि ग्लुकोज व ऱ्हॅम्नोज या दोन साखरा, हेच तीन तुकडे मिळतात. फरक एवढाच, की हेस्पेरिडिनमध्ये ऱ्हॅम्नोज ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनला जोडलेलं असतं आणि निओहेस्पेरिडिनमध्ये दुसऱ्या. हा फरक एनएमआर, म्हणजे रेणूची रचना दाखवणारी चुंबकीय तपासणी, दाखवते. ती सोय नसेल तर दोन्ही प्रमाणित नमुने आणून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, आपला नमुना त्यांच्यासोबत चालवा, आणि मगच बाटलीवर नाव लिहा.