गॅरेजवरच्या खोलीतला बोलपट

पडद्यावर दिसते आहे ते क्रेस्टोनिया हॉटेल. बूट पुसणारा नोकर, भांडी घासणारी मुलगी आणि रात्रीच्या कॅबरेसाठी जमलेले पाहुणे अशी सगळी वर्दळ येथे आहे. प्रत्यक्षात हे हॉटेल लंडनच्या ऑल्बनी स्ट्रीटवर, एका गॅरेजच्या माडीवरील एका खोलीच्या स्टुडिओत उभारलेले होते. १९३४ साली प्रदर्शित झालेला ‘बूट्स! बूट्स!’ हा विनोदी बोलपट या खोलीत दोन आठवड्यांत आणि सुमारे ३,००० पौंडांत पुरा झाला.

आता कॅमेऱ्याकडे लक्ष द्या. तो बराच वेळ जागचा हलत नाही. अरुंद खोली, आवाज पकडणारी त्या काळची अवजड यंत्रे आणि मोजके दिवस, यांमुळे प्रसंग तोडून, वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा चित्रित करण्याची चैन येथे कोणालाच परवडणारी नव्हती. समीक्षकांनी यालाच चित्रपटकलेचा अभाव म्हटले. मात्र याच दृश्यात नटाचे हात, पाय आणि चेहरा एकाच वेळी, मध्ये कात्री न लागता दिसतात. म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाणी, नाच आणि विनोदी प्रवेश सादर करणाऱ्या ब्रिटिश नाट्यगृहांच्या, रंगमंचावरील विनोद खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला जसा दिसे, जवळजवळ तसाच तो येथे टिकून राहिला आहे, आणि हे जतन होणे आम्हाला फार मोलाचे वाटते.

असे चित्रपट निघू लागले त्यामागे एक कायदा होता. १९२०च्या दशकाच्या मध्यास ब्रिटनच्या पडद्यांवर अमेरिकी चित्रपटांची इतकी चलती होती की, दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांत ब्रिटिश चित्रपटांचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास उरला होता. म्हणून १९२७च्या चित्रपट कायद्याने वितरकांवर आणि चित्रपटगृहांवर ब्रिटिश चित्रपटांचे ठरावीक प्रमाण बंधनकारक केले आणि ते वर्षागणिक वाढवत नेण्याची तरतूद केली. अमेरिकी कंपन्यांच्या लंडन शाखांनी यातून स्वस्त वाट काढली: फिल्मच्या प्रत्येक फुटामागे सुमारे एक पौंड या हिशेबाने झटपट चित्रपट बनवून घ्यायचे आणि कोटा भरायचा. ‘कोटा क्विकी’ हे हेटाळणीचे नाव तेव्हाचे. आजही त्या काळातील प्रत्येक स्वल्पखर्ची ब्रिटिश चित्रपटावर तोच शिक्का मारला जातो, आणि तो सरसकट मारणे अन्यायाचे आहे.

कारण ‘बूट्स! बूट्स!’चा निर्माता जॉन ब्लेकली हा अमेरिकी कंपनीची रिकामी जागा भरायला बसलेला नव्हता. तो उत्तर इंग्लंडमधील मँचेस्टरचा होता. चित्रपट भाड्याने पुरवण्याचा व्यवसाय त्याच्या घरातच होता. लँकेशायरच्या गिरणगावांतील प्रेक्षक कोणत्या नटाला गर्दी करतात, हे तो जाणून होता. लंडनच्या पडद्यावर त्या लोकांची बोली क्वचितच ऐकू येई. त्याने ती बोली बोलणारा नट निवडला.

तो नट म्हणजे हा जॉर्ज फॉर्म्बी. १९०४ साली लँकेशायरमधील विगनमध्ये जन्मलेल्या या मुलाला वडिलांनी लहानपणीच जॉकी होण्यासाठी घोड्यांच्या तबेल्यात धाडले, कारण आपल्या मुलाने रंगमंचावर येऊ नये अशी त्यांची इच्छा होती. ते स्वतः म्युझिक हॉलचे नामवंत विनोदवीर होते. १९२१ साली त्यांचे निधन झाल्यावर मुलाने त्यांचेच विनोद घेऊन रंगमंच धरला. या चित्रपटातील बूट पुसणारा भोळा जॉन विली हे पात्रही मुळात वडिलांचेच. आता मुलाच्या हातातील वाद्य पाहा: बॅन्जोलेले, म्हणजे युकुलेलेसारखे चार तारांचे, पण बॅन्जोसारखी चामड्याने मढवलेली तबकडी असलेले. उजव्या हाताची ती लय शब्दांत सांगता येणार नाही. दृश्य थोडा वेळ तसेच चालू ठेवू.

त्याच्याबरोबर नाचणारी ही भांडी घासणारी स्नूकी म्हणजे त्याची पत्नी बेरिल. लाकडी तळव्यांचे बूट घालून ठेका धरणारा क्लॉग नाच हे तिचे मूळ कसब. १९२४ साली लग्न झाल्यावर नवऱ्याचा पोशाख, कार्यक्रम आणि करार तिने हाती घेतले. या दोन आठवड्यांसाठी जॉर्जला १०० पौंड आणि नफ्यातील दहा टक्के मिळाले.

चित्रपटाने खर्च भरून काढून वर नफा दिला. ब्लेकलीने पुढच्याच वर्षी जॉर्जला घेऊन दुसरा चित्रपट केला, मग निर्माता बॅझिल डीनने त्याला आपल्या कंपनीत घेतले आणि काही वर्षांत तो ब्रिटनचा सर्वांत लोकप्रिय चित्रपट-विनोदवीर ठरला. ब्लेकलीने १९४७ साली मँचेस्टरमध्येच, एका वापरात नसलेल्या चर्चमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला, आणि १९५४ साली तो बीबीसीने घेतला.

मूळ चित्रपट सुमारे ८० मिनिटांचा. १९३८ साली तो पुन्हा बाजारात आणताना कापून ५५ मिनिटांवर आणला गेला, आणि नंतर कित्येक वर्षे लोकांनी पाहिला तो हा कापलेलाच चित्रपट. पुढे लांब प्रत हाती लागली. बेटी ड्रायव्हर ही मुलगी तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. पुढे ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेमुळे ती घराघरांत पोहोचली. तिचाही प्रसंग या चित्रपटातून काढून टाकला होता. तो आता जागच्या जागी परत बसवलेला आहे.

हाच तो प्रसंग.