भांडी बाजारातला हितोपदेश

हा घर्रर्र आवाज नाव टाकायच्या मशीनचा. नाशिकचा भांडी बाजार, लग्नसराई, स्टीलच्या डब्यांवर नावं कोरणं चालूये. आणि काउंटरवर ते खाकी कव्हरचं पुस्तक बघा, हितोपदेश. नुसतं संस्कृत, खाली मराठी अर्थ नाही.

दुकानाचे मालक, सगळे अण्णा म्हणतात. शाळेत संस्कृत नव्हतं, क्लास लावला नाही, रामः रामौ रामाः घोकलं नाही. वाचत गेले बस.

लॅटिनवाल्यांकडे ही पद्धत जुनी आहे. डेन्मार्कच्या हान्स ओर्बेर्ग यांचं १९५५ चं पुस्तक, पहिल्या पानापासून सगळं लॅटिनच. पहिलं वाक्य 'रोमा इन इतालिया एस्त', सोबत नकाशा. नकाशा बघितला की समजलं, भाषांतर कशाला हवंय?

अण्णांना नकाशाचीही गरज नाही, दुकानातून चालत निघालं की गोदाघाट. आणि हितोपदेशाच्या पहिल्या भागाची, मित्रलाभाची गोष्ट सुरू होते तीच मुळी 'अस्ति गोदावरीतीरे विशालः शाल्मलीतरुः'. आता सांगा, नाशिककराला यात काय अडणार? शाल्मली माहीत नसेल तरी पुढे तरु आहेच, म्हणजे कुठलंतरी झाड, चला पुढे.

आता अण्णांचं बोट बघा कुठे थांबलंय. म्हातारा वाघ, सोन्याचं कंकण, लोभी वाटसरू. वाटसरू विचारतो 'कुत्र तव कङ्कणम्?' आणि लगेच 'व्याघ्रो हस्तं प्रसार्य दर्शयति'. प्रसार्य कधी ऐकलेलं नसू दे, कंकण कुठंय विचारल्यावर वाघ हाताचं दुसरं काय करणार! अण्णा तिथे पेन्सिलने बारीक टिंब करतात, डिक्शनरी उघडत नाहीत. तीच गोष्ट उद्या परत, परवा परत, मोठ्याने. दृष्ट्वा, श्रुत्वा, गत्वा इतक्या वेळा येतात की कोणी न सांगता डोक्यात बसतात. लांबलचक समास आला तर ओळखीचा तुकडा धरायचा, श्लोक आला तर सरळ उडी मारायची, गोष्ट तुटत नाही.

आणि आपण काय करतो, आठवीतल्या पोरांना रूपांचा तक्ता देतो, विषय स्कोअरिंग आहे म्हणतो, दहावीला नव्वदच्या वर मार्क पडतात, नंतर एक पानाची साधी गोष्ट समोर ठेवा बरं.

अण्णांना लिहायला सांगितलं तर अडखळतात, विभक्ती चुकतात, पेपर दिला तर कदाचित नापास होतील. असो.

सध्या दुसरा भाग, सुहृद्भेद चालू आहे. संजीवक बैल आणि पिंगलक सिंहाची दोस्ती झालीये, दमनक कोल्हा कान भरायला लागलाय. पुढचं सगळं अण्णांना लहानपणी ऐकलेल्या पंचतंत्रातून माहितीये, आणि तेच तर कामाला येतंय, गोष्ट ओळखीची म्हणून भाषा ओळखीची होत चाललीये.