पेशंट घरी गेल्यावर

[दृश्य : बाल्टिमोर शहर, सकाळची वेळ. लाल विटांची जुनी इमारत, वर घुमट.]

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातलं बाल्टिमोर. जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचा हा घुमट १८८९ पासून इथं उभा आहे. चार वर्षांनी, १८९३ मध्ये, हॉस्पिटलला जोडून मेडिकल कॉलेज सुरू झालं. वॉर्डात खाटेपाशी उभं राहून शिकायचं, वर्षानुवर्षं हॉस्पिटलमध्येच राहून हात तयार करायचा आणि मग स्वतः शिकवायला लागायचं, ही रेसिडेंट डॉक्टरांची पद्धत अमेरिकेत रुजली ती प्रामुख्यानं इथून.

आजची गोष्ट याच आवारातल्या युरॉलॉजी विभागाची. मूत्रपिंड, मूत्राशय, प्रोस्टेट. शरीराच्या या भागाबद्दल माणूस डॉक्टरांसमोरही मोकळेपणानं बोलत नाही. आणि नेमक्या त्या न बोलण्यापायी वैद्यकशास्त्राचं एक उत्तर कित्येक दशकं अडून राहिलं.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली, जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमची ग्रंथी. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तिला कॅन्सर झाला तर ती मुळापासून काढून टाकण्याचं ऑपरेशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होत होतं. पण ते करून घेणारे फार थोडे. टेबलावर भयंकर रक्तस्राव व्हायचा. त्यातून निभावलेल्या काहींची लघवी कायमची ताब्यात राहायची नाही. आणि लैंगिक क्षमता तर जवळजवळ प्रत्येकाची जायची. डॉक्टर सांगायचे, जीव वाचला ना? पेशंट मान खाली घालून घरी जायचा.

[दृश्य : जुनं छायाचित्र. पांढऱ्या कोटातला तरुण सर्जन.]

हे ह्यू हॅम्पटन यंग. टेक्सासचे. १८९७ साली हॉपकिन्सच्या कॉरिडॉरमधून घाईघाईनं जाताना एका वळणावर ते थेट सर्जरीचे प्रमुख विल्यम हॉलस्टेड यांच्यावर जाऊन आदळले. ही हकिगत यंग यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे. हॉलस्टेड म्हणाले, बरं झालं भेटलात, मूत्रविकारांचा विभाग तुम्ही सांभाळायचा आहे. सत्तावीस वर्षांच्या यंगनी सांगून टाकलं की मला त्यातलं काहीच येत नाही. हॉलस्टेडना ते ठाऊक होतंच. हा शिकून घेईल, एवढा भरवसा त्यांना पुरेसा वाटला.

सात वर्षांनी, ७ एप्रिल १९०४ रोजी, यंग यांनी कॅन्सर झालेली प्रोस्टेट ग्रंथी आजूबाजूच्या भागासकट संपूर्ण काढण्याचं ऑपरेशन केलं. त्या दिवशी त्यांच्या समोर मदतनीस म्हणून उभे होते खुद्द हॉलस्टेड. अमेरिकेतला त्या काळातला सर्वांत मोठा सर्जन आपल्या हाताखाली तयार झालेल्या माणसाला चिमटे धरून मदत करतो आहे. शिकवणाऱ्या हॉस्पिटलची व्याख्या मला विचाराल, तर मी हा प्रसंग सांगेन.

इमारतीला नाव मिळालं ते मात्र एका पेशंटचं. जेम्स ब्युकॅनन ब्रेडी. रेल्वेचं साहित्य विकून गडगंज झालेला, अंगभर हिरे मिरवणारा, म्हणून लोक त्याला ‘डायमंड जिम’ म्हणत. प्रोस्टेट वाढून लघवी तुंबलेली, त्यात मधुमेह. त्याला टेबलावर घ्यायला कोणी तयार होईना. यंगनी १९१२ मध्ये पोट न फाडता, मूत्रमार्गातूनच आत जाणाऱ्या स्वतः बनवलेल्या हत्यारानं त्याचा अडथळा दूर केला. ब्रेडीनं देणगी दिली आणि १९१५ मध्ये ब्रेडी युरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. दोन वर्षांनी यंगनी ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’ सुरू केलं. ते आजही निघतं.

[दृश्य : शाई-पेन्सिलीची शस्त्रक्रियेची चित्रं, एकामागून एक.]

इथं एका चित्रकाराचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. विल्यम डिडुश. हॉपकिन्समध्ये वैद्यकीय चित्रकला शिकवणारा विभाग १९११ मध्ये मॅक्स ब्रोडेल यांनी सुरू केला होता. डिडुश त्यांच्याच तालमीतले. ब्रेडीत आल्यावर ऑपरेशन चालू असताना ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, उभं राहून ते रेखाटनं करत. खोल ओटीपोटात, रक्तानं भरलेल्या जागेत सर्जनच्या बोटांना काय लागतं, हे कागदावर आणणं सोपं नव्हतं. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या इतिहास-संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे.

पण जे दिसतच नाही, ते चित्रात तरी कसं येणार?

[दृश्य : सत्तरच्या दशकातलं ऑपरेशन थिएटर.]

१९७४ मध्ये पॅट्रिक वॉल्श ब्रेडीचे प्रमुख झाले. वय छत्तीस. त्यांनी आधी रक्तस्रावाचा प्रश्न हातात घेतला. रक्त येतं तरी नेमकं कुठून? प्रोस्टेटच्या पुढच्या अंगाला शिरांचं दाट जाळं असतं. त्या शिरा कशा जातात, कुठे बांधल्या तर रक्त थांबतं, याचा माग त्यांनी काढला आणि विल्यम रायनर यांच्यासोबत १९७९ मध्ये तो प्रसिद्ध केला. रक्त आटोक्यात आलं. पहिल्यांदाच सर्जनना आतलं नीट दिसू लागलं.

त्याच सुमाराला, १९७७ मध्ये, एक साधी गोष्ट घडली होती. ऑपरेशन होऊन तीन महिने झालेला एक पेशंट तपासणीला आला आणि त्यानं सांगितलं, की माझं वैवाहिक आयुष्य पूर्वीसारखं सुरू आहे.

पुस्तकाप्रमाणे हे अशक्य होतं. ताठरता आणणारे चेतातंतू प्रोस्टेटच्या आतूनच जातात, ग्रंथी काढली की ते जाणारच, असा समज होता. एखाद्या गडबडीतल्या ओपीडीत डॉक्टर ‘छान, छान’ म्हणून पुढच्या पेशंटला बोलावतात. वॉल्श यांनी ते वाक्य डोक्यात ठेवलं. एका माणसाच्या बाबतीत हे झालं असेल, तर सगळ्यांच्या बाबतीत का होऊ नये?

[दृश्य : हॉलंडमधलं लायडन. कालवे, जुनं विद्यापीठ.]

उत्तर मिळालं चार वर्षांनी, दुसऱ्याच देशात. फेब्रुवारी १९८१. वॉल्श लायडनला परिषदेसाठी गेले होते. तिथले निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर प्रयोगशाळेत विच्छेदन करत बसले होते. मृत जन्मलेल्या एका बालकाच्या शरीरात ते मूत्राशयाकडे जाणारे चेतातंतू शोधत होते.

बालकाच्याच शरीरात का, याला कारण आहे. प्रौढ माणसाच्या मृतदेहात पोटातल्या अवयवांचा भार खाली येऊन ओटीपोटातलं सगळं चेपून एकजीव झालेलं असतं. त्यात चरबी. बारीक तंतू वेगळे काढताच येत नाहीत. नवजात शरीरात ते तंतू त्या मानानं ठसठशीत असतात आणि आड येणारी चरबी नसते.

वॉल्श यांनी विचारलं, लिंगाकडे जाणारे तंतू कुठले? डोंकर म्हणाले, ते मी कधी पाहिलेच नाहीत. दोघं कामाला लागले. काही तासांत चित्र स्पष्ट झालं. सोललेल्या संत्र्यावर पांढरे दोरे राहतात ना, तसे ते तंतू प्रोस्टेटच्या आवरणाच्या बाहेरून, मागच्या दोन्ही कडांना चिकटून चालले होते. ग्रंथीच्या आत ते नव्हतेच. म्हणजे कॅन्सर पूर्ण काढूनही ते वाचवता येणार होते.

एक अडचण होती. ऑपरेशन करताना जिवंत माणसाच्या शरीरात हे केसासारखे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते ओळखायचे कसे? वॉल्श बाल्टिमोरला परतले आणि प्रत्येक ऑपरेशनमध्ये त्या जागेकडे लक्ष देऊ लागले. तिथं बारीक रक्तवाहिन्यांचा एक जुडगा होता, आणि तंतू त्याच्याच सोबतीनं जात होते. वाहिन्या दिसतात, तंतू दिसत नाहीत. तेव्हा वाहिन्या राखल्या की तंतू राखले जातात. हाच तो ‘न्यूरोव्हॅस्क्युलर बंडल’. आज कुठल्याही युरॉलॉजी रेसिडेंटला तोंडी परीक्षेत विचारला जाणारा.

२६ एप्रिल १९८२. बावन्न वर्षांचा एक पेशंट टेबलावर होता. हे तंतू जाणूनबुजून राखून प्रोस्टेट काढण्याचं ते पहिलं ऑपरेशन. वर्षभराच्या आत त्याची क्षमता परत आली. वॉल्श आणि डोंकर यांचा शोधनिबंध त्याच वर्षी छापून आला, त्याच ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’त.

[दृश्य : प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकावर वाकलेली तरुण डॉक्टर.]

तंतू वाचले, पण ते तंतू काम कसं करतात? हा प्रश्न पुढच्या पिढीनं उचलला. आर्थर बर्नेट, ब्रेडीतलेच तरुण डॉक्टर, हॉपकिन्सच्या मेंदूविज्ञान विभागात सॉलोमन स्नायडर यांच्याकडे गेले. १९९२ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांचा निबंध आला. त्या तंतूंमधून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो आणि त्यामुळे ताठरता येते, हे त्यांनी उंदरांवरच्या अभ्यासातून दाखवलं. १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली व्हायग्रा याच रासायनिक साखळीवर काम करते. सर्जनला शेजारच्या इमारतीतला मेंदूतज्ज्ञ सहज भेटतो, तो असा एकाच आवारात. निव्वळ खाजगी दवाखान्यात ही गाठ पडणं कठीण.

[दृश्य : टीव्हीच्या पडद्यावर ऑपरेशनची टेप, मागे-पुढे होणारी.]

आता मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. तंतू राखूनही काही पेशंट लवकर बरे व्हायचे, काही नाही. ऑपरेशन तेच, सर्जन तोच. मग फरक कुठे? वॉल्श यांनी आपल्याच ऑपरेशनांचं व्हिडिओ चित्रण केलं. मग लवकर बऱ्या झालेल्यांच्या टेप आणि न झालेल्यांच्या टेप शेजारी ठेवून ते बघत बसले. जगभर नाव झालेला, साठी ओलांडलेला सर्जन स्वतःच्याच हातांच्या हालचाली तपासतो आहे. काही बारीक फरक सापडले, त्यांनी पद्धत बदलली आणि २००० मध्ये ते सगळं जाहीर छापलं. पुढे त्यांनी या शस्त्रक्रियेची सविस्तर फिल्म करून ती युरॉलॉजिस्टना फुकट वाटली. ज्याला शिकायचं त्यानं बघावं आणि शिकावं.

पेशंट घरी गेल्यावर त्याचं काय होतं, हा एकच प्रश्न धरून या विभागात इतरही कामं झाली. १९९५ मध्ये हॉपकिन्सच्याच बेव्ह्यू केंद्रात लॉइड रॅटनर आणि लुई कावूसी यांनी जिवंत दात्याचं मूत्रपिंड प्रथमच दुर्बिणीतून काढलं. दाता तर धडधाकट माणूस. दुसऱ्यासाठी तो ऑपरेशन करून घेणार. पूर्वी त्याच्या कुशीवर भला मोठा छेद घेत आणि तो भरून यायला आठवडेच्या आठवडे लागत. आपल्याकडे मुलाला किंवा नवऱ्याला किडनी देणाऱ्या आया आणि बायका आठवा, म्हणजे या बदलाचं महत्त्व कळेल.

त्याच वर्षी बॅलेंटाइन कार्टर यांनी तिथं एक वेगळाच उपक्रम सुरू केला. कॅन्सर आहे, पण अगदी सौम्य, आणि माणूस वयस्कर. अशांना चाकू लावायचाच नाही. ठरावीक काळानं रक्ताची पीएसए तपासणी (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाची), बायोप्सी, म्हणजे ग्रंथीचा बारीक तुकडा काढून तपासणं, आणि बारीक लक्ष. वाढतोय असं दिसलं तरच उपचार. ज्या संस्थेचं नाव ऑपरेशनमुळे झालं, तिथंच ऑपरेशन न करण्याचंही शास्त्र शिकवलं जातं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

[दृश्य : रोबोटचे हात. मग मुंबई, परळ.]

इथून शिकून बाहेर पडलेल्यांत एक भारतीय नाव ठळक आहे. मणी मेनन. पुदुच्चेरीच्या जिपमरचे विद्यार्थी, पुढे ब्रेडीत रेसिडेंट. २००० नंतर डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमध्ये त्यांनी रोबोटच्या मदतीनं प्रोस्टेट काढण्याची पद्धत बसवली. आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतही असे रोबोट आहेत. यंत्र नवं, पण सर्जन आत शोधतो तो रक्तवाहिन्यांचा जुडगा तोच.

परळचं केईएम आणि त्याला जोडलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज १९२६ पासून एकाच आवारात आहेत. एम.एस. झाल्यावर आणखी तीन वर्षं एम.सीएच., म्हणजे युरॉलॉजीसारख्या एकाच विषयातली पुढची पदवी, करणारे रेसिडेंट अशाच संस्थांत तयार होतात. सकाळी राऊंड, मग ओपीडी, मग ओटी, रात्री इमर्जन्सीला लघवी तुंबलेला कुणाचा तरी बाप. बाकावर कॅथेटरची पिशवी हातात धरून बसलेली माणसं, मूतखड्यानं कळवळणारी तरुण पोरं, गावाहून आलेली सोनोग्राफीची फिल्म. या गर्दीत एका पेशंटच्या वाट्याला मिनिटं किती येतात, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

तरीही प्रोस्टेटच्या ऑपरेशनसाठी येणाऱ्यांना सांगावंसं वाटतं. डॉक्टरांना विचारा : माझ्या आजारात नसा, म्हणजे ते चेतातंतू, वाचवता येतील का? दोन्ही बाजूंच्या की एकाच? आणि तुमच्या हातचे पेशंट वर्षभरानं कसे आहेत? कॅन्सर कडेपर्यंत पोचला असेल तर नसा सोडून द्याव्या लागतात. ते कारणही आधीच समजलेलं बरं.

डॉक्टरांनाही एक विनंती. आपल्याकडचे काका, आजोबा हा विषय स्वतःहून काढणार नाहीत. फाइल धरून सोबत मुलगा बसलेला असतो, त्याच्यासमोर तर नाहीच. तेव्हा तीन महिन्यांनी ते तपासणीला येतील, त्या वेळी मुलाला जरा बाहेर बसायला सांगा, दार लावून घ्या, आणि तुम्हीच विचारा.