मुतखड्याच्या उपचारात न विचारलेला प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षांचा खुडा संपत येतो आणि उन्हाळ कांद्याची काढणी सुरू होते, तेव्हा ऊन चांगलेच तापलेले असते. उन्हाळ्यात मुतखड्याचे रुग्ण वाढतात, हे जगभर दिसून आले आहे. घामावाटे पाणी निघून जाते, लघवी घट्ट होते आणि तिच्यात विरघळलेले कॅल्शियम व ऑक्झलेट यांचे स्फटिक बनू लागतात. इटलीतील संशोधकांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्यांदाच खडा झालेल्या 199 रुग्णांवर पाच वर्षे लक्ष ठेवले होते. दिवसाला किमान दोन लिटर लघवी होईल इतके पाणी ज्यांना प्यायला सांगितले, त्यांच्यापैकी सुमारे 12 टक्के लोकांना पुन्हा खडा झाला. ज्यांना तसे सांगितले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण 27 टक्के होते. हुलग्याचे कढण किंवा पानफुटीचे पान कोणी श्रद्धेने घेत असेल, तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. मात्र त्यांच्यामागे इतका भक्कम पुरावा नाही. बिअरने खडा पडतो, ही समजूत मात्र मित्रमंडळींनी सोयीसाठी जपलेली आहे.

आज मला बोलायचे आहे ते मुतखड्याच्या पुरुष रुग्णाविषयी, आणि तो सहसा विचारत नाही अशा एका प्रश्नाविषयी: या आजाराचा आणि त्याच्या उपचारांचा वृषणांवर, वीर्यावर आणि मूल होण्यावर काय परिणाम होतो?

खड्याची कळ पाठीत उठते, कुशीवरून जांघेत उतरते आणि पुष्कळदा वृषणापर्यंत जाते. तपासणीच्या खोलीत रुग्ण कमरेवर हात ठेवून दुखणे दाखवतो. पण त्याखालच्या दुखण्याबद्दल सोबत आलेली आई किंवा वहिनी बाहेर गेल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. हे दुखणे काल्पनिक नसते. गर्भावस्थेत वृषणे मूत्रपिंडांच्या शेजारी तयार होतात आणि जन्माच्या सुमारास खाली उतरतात. उतरताना आपल्या रक्तवाहिन्या आणि चेतातंतू ती बरोबर घेऊन येतात. त्यामुळे मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत, अडकलेल्या खड्याची वेदना वृषणात जाणवू शकते. याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एकाएकी वृषणात तीव्र वेदना झाली, तर तो खडा असेल असे समजून थांबू नये. वृषणाला पीळ पडलेला असल्यास सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तरच ते वाचण्याची चांगली आशा असते, आणि लाजेपोटी नेमके हेच तास वाया जातात.

आता औषधाकडे वळू. मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी खडा असेल, तर टॅमसुलोसिन किंवा सिलोडोसिन ही गोळी अनेकदा लिहून दिली जाते. ती तेथील स्नायू सैल करते आणि त्यामुळे खडा लवकर उतरेल, अशी त्यामागची कल्पना आहे. 2015 मध्ये ब्रिटनमधील 24 रुग्णालयांत अकराशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत, चार आठवड्यांत आणखी उपचारांची गरज न पडलेल्यांचे प्रमाण टॅमसुलोसिन घेणाऱ्यांत 81 टक्के आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 80 टक्के आढळले. याचा अर्थ लहान खडे बहुतेक वेळा आपोआपच पडतात. पाच मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांना या औषधाचा उपयोग होतो, असे इतर काही अभ्यासांत दिसले आहे, म्हणून ते निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही.

परंतु हीच गोळी मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायूही सैल करते. त्यामुळे काही पुरुषांत स्खलनाच्या वेळी वीर्य फार कमी येते, किंवा अजिबात येत नाही. सिलोडोसिनने असे होण्याचे प्रमाण जास्त आहे. गोळी बंद केल्यावर हा परिणाम जातो. मात्र मुलासाठी प्रयत्न करणाऱ्या जोडप्याला हे आधी सांगितलेले नसेल, तर घरात नसती भीती शिरते आणि नवरा ती गोष्ट कोणापाशीही बोलत नाही. चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी हे एक वाक्य बोलावे आणि त्यांनी ते राहू दिले तर रुग्णाने विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शरीराबाहेरून ध्वनितरंगांचे आघात करून खडा फोडण्याचा उपचार 7 फेब्रुवारी 1980 रोजी म्युनिकमध्ये पहिल्यांदा रुग्णावर झाला. त्याचे यंत्र विमाने बनवणाऱ्या डॉर्निअर कंपनीच्या संशोधनातून आले होते. मूत्राशयात शिरण्यापूर्वी मूत्रवाहिनीच्या वरून शुक्रवाहिनी, म्हणजे शुक्राणू वाहून नेणारी नळी, ओलांडून जाते आणि वीर्यकोशही तेथेच असतात. म्हणून अगदी खालचा खडा या तरंगांनी फोडला, तर शुक्राणूंवर काय परिणाम होतो, हा प्रश्न संशोधकांनी तपासला. काही अभ्यासांत उपचारानंतर शुक्राणूंची संख्या आणि हालचाल काही काळ घटलेली दिसली, पण तीन महिन्यांच्या सुमारास ती पूर्ववत झाली. कायमचे नुकसान दिसलेले नाही. दुर्बिणीतून लेझरने खडा फोडण्याचा पर्याय आज नाशिकमध्येही उपलब्ध आहे, तेव्हा मूल हवे असलेल्या पुरुषाने दोन्ही उपचारांची तुलना मागायला संकोच करू नये. खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला, तर मात्र तुलना करत बसण्याची ती वेळ नव्हे. त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात आणि पुढे प्रवासाचे काही दिवस. त्यामुळे मुतखड्याच्या आजारात मोठा ताप येऊन गेला असेल, किंवा नुकताच उपचार झाला असेल, तर त्यानंतर लगेच केलेली वीर्यतपासणी दिशाभूल करू शकते. अहवाल कमी आला, तर तीन महिन्यांनी, दोन ते सात दिवसांचे ब्रह्मचर्य पाळून, ती पुन्हा करावी. मूल होत नसलेल्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो, तरीही आपल्याकडे सुनेच्या सोनोग्राफ्या आणि नवससायास आधी होतात आणि मुलाची तपासणी शेवटी, तीही नाइलाजाने. खरे तर वीर्यतपासणी स्वस्त आहे, तिच्यात सुई टोचावी लागत नाही, आणि ती पहिल्याच भेटीत करून घेता येते.