सतरा पिढ्यांपलीकडचा मामा

श्रोतेहो, नमस्कार.

माती कुठे द्यायची, हा प्रश्न घरात पडला तर चार वडीलधारी माणसं बसून तो सोडवतात. इंग्लंडात तो एका राजासाठी पडला, आणि राजाला जाऊन तेव्हा सव्वापाचशे वर्षं उलटली होती.

राजा तिसरा रिचर्ड. १४८५ च्या ऑगस्टमध्ये बॉसवर्थच्या लढाईत तो पडला. लेस्टर गावातल्या मठात त्याला घाईघाईत पुरलं. पुढे मठही पाडला गेला. लोक सांगायचे, हाडं नदीत टाकली. २०१२ मध्ये त्या जागी नगरपालिकेचं पार्किंग होतं. तिथे खणलं, आणि राजा सापडला. कणा वाकलेला. खड्डा इतका आखूड की डोकं कडेला टेकलेलं.

पण हा राजाच, हे कळलं कसं? तेच मला सांगायचंय. मायकल इब्सेन हे मूळचे कॅनडाचे, लंडनमध्ये लाकडी सामान बनवणारे कारागीर. सुतारच म्हणा ना. २००४ मध्ये जॉन अ‍ॅशडाउन-हिल या इतिहासकाराने त्यांच्या आईला, जॉयबाईंना शोधून काढलं होतं. का? तर रिचर्डची बहीण अ‍ॅन, तिची मुलगी, त्या मुलीची मुलगी, असा लेकींचा धागा थेट जॉयबाईंपर्यंत पोचत होता. जो डीएनए लेकरांना फक्त आईकडूनच मिळतो, तो याच धाग्यातून येतो. २००८ मध्ये जॉयबाई गेल्या. मग लेकाने नमुना दिला, आणि तो सांगाड्याशी जुळला.

बहिणीचा वंश, म्हणजे हा भाचा. इंग्रजीत भाचा आणि पुतण्या एकाच शब्दात उरकतात. आपल्याकडे नातं कोणत्या बाजूचं, ते शब्दच सांगतो. म्हणून मुलांना काका, मामा, मावसा असंच म्हणायला शिकवा हो, सगळ्यांना अंकल नको. ही श्रीमंती हातची घालवू नका.

तर या भाच्याने मामाची शवपेटी स्वतःच्या हातांनी केली. इंग्लंडच्या ओक लाकडाची. लक्षात घ्या, सतरा पिढ्या! सतरा पिढ्यांपलीकडच्या मामासाठी भाच्याने फळ्यांवर रंधा मारला. कुठलाही सरदार-दरकदार याहून मोठं काय करणार?

वाद मात्र झालाच. माती कुठे द्यायची, त्यासाठी उत्खननाच्या परवान्यात लेस्टरच्या कॅथेड्रलचं, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचं, नाव होतं. उत्तरेकडच्या यॉर्क शहराचे लोक म्हणाले, राजा आमचा, तो आमच्या मुलखात वाढला. राजाच्या दूरच्या नातेवाइकांचा एक गट कोर्टात गेला. मे २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, परवान्यात हात घालायला कायद्यात आधार नाही. इतक्या पिढ्यांनंतर असे नातेवाईक लाखोंनी निघतील, कुणाकुणाला विचारणार?

माझं मन यॉर्ककडे ओढ घेत होतं, हे लपवत नाही. राजा पडल्याची बातमी येताच त्या शहराने आपल्या दप्तरात दुःख लिहून ठेवलं, तेही जिंकणाऱ्याच्या नाकावर टिच्चून. पण लेस्टरच्या मातीने त्याला सांभाळलं, हेही खरंच. सव्वापाचशे वर्षं सांभाळलं.

मार्च २०१५ मध्ये शवपेटी बॉसवर्थच्या बाजूने फिरून लेस्टरला आली. वाटेवर दुतर्फा माणसं, हातात पांढरे गुलाब. २६ तारखेला ती कॅथेड्रलच्या फरशीखाली उतरवली. पार्किंगपासून अगदी हाकेच्या अंतरावर. भाचा तिथे हजर होता.