खाली उतरलेली माणसं

दर जनगणनेला लोकसंख्येचा आकडा वाढणार, हे आपण धरूनच चालतो. २०११ साली उत्तराखंडच्या दोन डोंगरी जिल्ह्यांत तो घटला. पौडी गढवालमध्ये दहा वर्षांत जवळपास दहा हजार माणसं कमी झाली, अल्मोड्यात आठ हजार. त्याच दहा वर्षांत त्याच राज्यातले डेहराडून, हरिद्वार आणि उधमसिंह नगर हे जिल्हे तीस टक्क्यांहून अधिक वाढले.

राज्यातली माणसं कुठे हरवली नाहीत. ती डोंगर उतरून सपाटीवर आली.

डोंगरउतारावरची ही शेतं पाहा. पट्टी इतकी अरुंद, की बैलजोडी वळवतानाही जपावं लागतं. एकाच कुटुंबाचा एक तुकडा या उतारावर, दुसरा ओढ्यापलीकडे. जमिनीची नोंद बऱ्याच ठिकाणी अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर, सगळ्या भाऊबंदांची सामाईक. इथे त्याला गोलखाता म्हणतात. वाटणी करायची तर दिल्लीतल्या चुलत्यापासून सगळ्यांना गाठावं लागतं.

या पट्ट्यांत मंडुवा म्हणजे आपली नाचणी, झंगोरा हे भरडधान्य, गहत म्हणजे कुळीथ पिकतात, तेही बहुतेक पावसाच्या भरवशावर. गावात घरं भरलेली होती तेव्हा रात्रीची राखण वाटून घेतली जायची. आता तीन घरं उरली, की रानडुकरांचा सगळा कळप त्या तिघांच्याच शेतात उतरतो. वरच्या पट्टीचा दगडी बांध ढासळला, तर माती खालच्याच्या शेतात येते, आणि बांध घालायला वरचा मालक गावात नसतो. एक घर गेलं, की शेजाऱ्याची शेती अशी महाग होत जाते. मग तोही निघतो.

शेतीचा भार बायकांवर आहे. पेरणी, निंदणी, गुरांचा चारा, जळण, पाणी, सगळं. अल्मोड्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११३९ स्त्रिया होत्या. पुरुष फौजेत, हॉटेलांत, कारखान्यांत गेले, म्हणून हा आकडा असा दिसतो.

राज्य सरकारने २०१७ मध्ये गाव सोडून जाण्याचा अभ्यास करायला पलायन आयोग नेमला. पुढच्या वर्षीच्या अहवालात त्याने नोंदवलं, की २०११ नंतर ७३४ गावं ओस पडली. निघालेल्यांपैकी निम्म्यांनी कारण सांगितलं रोजगार. त्याखालोखाल शिक्षण आणि दवाखाना. आणि सुमारे सत्तर टक्के लोक राज्याबाहेर गेलेच नाहीत. आम्हाला या अहवालातली ही सगळ्यात बोलकी नोंद वाटते. लोकांना मुंबई-दिल्लीची ओढ होती असं नाही. काम, शाळा आणि डॉक्टर जिथे होते, तिथवर ते गेले. २००३ च्या औद्योगिक सवलतींनंतर कारखाने आले, तेही हरिद्वार, पंतनगरच्या सपाटीवर.

माणसांमागोमाग सत्ताही उतरली. ९ नोव्हेंबर २००० रोजी हे राज्य उत्तर प्रदेशातून वेगळं झालं, ते डोंगराकडे दुर्लक्ष होतं म्हणून. त्यासाठीच्या आंदोलनात १९९४ साली मुझफ्फरनगरजवळच्या रामपूर तिराह्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. नव्या विधानसभेच्या ७० जागांपैकी ४० डोंगरी भागात होत्या. मतदारसंघ लोकसंख्येनुसार नव्याने आखल्यावर, २०१२ च्या निवडणुकीत, त्या ३४ उरल्या.

डोंगरातले लोक म्हणतात, मतदारसंघ आखताना डोक्यांबरोबर क्षेत्रफळही मोजा. मागणी रास्त आहे. विखुरलेल्या वस्तीला शाळा, रस्ता, दवाखाना पुरवायला माणशी खर्च जास्तच येणार, आणि तो खर्च करणारं सरकार हवं म्हणूनच तर हे राज्य मागितलं होतं.