यॉर्कशरचं 'लेक'

(दृश्य: दगडी घरांची रांग, गल्लीत चेंडू)

उत्तर इंग्लंडातल्या वेस्ट यॉर्कशरच्या गल्लीत एक पोरगं शेजारच्या दारावर थाप मारतं. "आर टा लेकिन?" म्हणजे, खेळायला येतोस का? इथल्या बोलीत 'लेक' म्हणजे खेळणं. आपल्या लेकीशी त्याचं काही नातं नाही, आणि इंग्रजीतल्या तळ्याशीही नाही. तो 'लेक' लॅटिन 'लाकुस'च्या घरातला.

८६६ साली डॅनिश सैन्यानं यॉर्क घेतलं. मागोमाग नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा, बोलणारी माणसं या भागात वसली. त्यांच्या बोलीत खेळणं म्हणजे 'लेइका'. पण जुन्या इंग्रजीतही याच कुळातलं 'लाकान' होतंच: उड्या मारणं, खेळणं. मग आजचा शब्द घरचा की बाहेरून आलेला?

निवाडा स्वर करतो. इंग्रजी आणि नॉर्स या दोघींची पूर्वज म्हणजे जुनी जर्मानिक. तिच्या 'ऐ'चा इंग्रजीत 'आ' झाला, नॉर्समध्ये 'एइ'. दगडाला इकडे 'स्तान', तिकडे 'स्तेइन'. त्या 'स्तान'चं प्रमाण इंग्रजीत 'स्टोन' झालं आणि वेस्ट यॉर्कशरच्या बोलीत 'स्टुअन'. 'लाकान' त्याच वाटेनं गेलं असतं, तर इथे 'लुअक'सारखं काहीतरी कानावर पडलं असतं. पडतं ते 'लेक'. नॉर्स 'रेइसा'वरून आलेल्या 'रेज'मध्ये, म्हणजे उचलण्यात, हाच स्वर आहे. ही कसोटी मात्र सगळीकडे लावू नये. स्कॉटलंडात घरच्या 'आ'चाही 'ए' झाला. तिथे दगड 'स्टेन' आहे. तिथे नुसत्या स्वरावर भिस्त ठेवली की फसगत ठरलेली.

(दृश्य: डेन्मार्क, प्लास्टिकचे रंगीत ठोकळे)

डॅनिशमध्ये खेळ लिहितात 'लेग', बोलतात 'लाय'. स्वरानंतरचा 'क' आधी 'ग' झाला, मग विरघळला. 'लेग गोट', म्हणजे छान खेळा. १९३४ साली बिलुंडच्या एका सुतारानं याच दोन शब्दांचे तुकडे जोडून 'लेगो' हे नाव केलं. स्वीडिशमध्ये पोरं 'लेका' करतात, पण फुटबॉल आणि पियानोला 'स्पेला' लागतं. यॉर्कशरला असली वाटणी मान्य नाही. तिथे रग्बीही 'लेक'च करतात. माद्यांसमोर मिरवायला जमलेल्या नरांच्या आखाड्यालाही स्वीडिशमध्ये 'लेक' म्हणतात. जीवशास्त्रानं तो शब्द उचलला, म्हणून आपल्या माळढोकावरच्या अभ्यासातही तो भेटतो.

(दृश्य: बंद गिरणी, थांबलेले माग)

लोकरीच्या गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला: काम नाही म्हणून घरी बसणं. खाडा म्हणावा, तर तो कामगार करतो. इथे मागच थांबलेला, आणि त्या दिवसाची मजुरीही नाही. गल्लीत तोच प्रश्न एक विणकर दुसऱ्याला विचारी: "आर टा लेकिन?"